पिनचे आकडे दर वेळी जागा बदलतात, ही सेफ्टी की नुसता ताप?

घाटावरचा:
बँकेचं अ‍ॅप अपडेट झालं (बँकेचं नाव नको) तेव्हापासून पिन टाकायचा कीपॅड पत्ते पिसल्यासारखा येतो. १ खाली, ७ मधे, ० वर, आणि पुढच्या वेळी परत वेगळंच. आई ६८ वर्षांची, पेन्शन जमा झाली का एवढंच बघते. तिला पिन आकड्यांनी पाठच नाहीये हो, बोटाला पाठ आहे, वरच्या कोपऱ्यातून खाली आणि मग आडवं. काल तीनदा चुकली, लॉगिन दिवसभर बंद. आता काय करते तर "तीन कुठंय... हा तीन" असं मोठ्यानं म्हणत एकेक आकडा शोधते, शेजारच्या काकू समोर चहा पीत बसलेल्या. आणि पिन लिहून ठेवलाय भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी. घ्या सेफ्टी.

रात्रपाळी:
ताप वाटतो कारण तुमचा पिन अजून कुणी बघितला नाही. कीपॅड ठरलेला असला की आकडे दिसायची गरजच नसते, अंगठा कुठून कुठं गेला एवढं लांबून दिसलं तरी पुरे. लोकलमधे चेपून उभं राहून पैसे पाठवणारे रोज बघतो, मनात आणलं तर चार स्टेशनात दोघांचे पिन सांगेन. आमच्या मीटर रूमला आकड्यांचं कुलूप आहे, त्याची चारच बटणं झिजलीयत. चार वेगळे आकडे म्हणजे फक्त २४ क्रम, मी स्वतः ट्राय केलं, चहा गार व्हायच्या आत उघडलं.

शून्यएक:
२४ बरोबर. पण गंमत बघा, एक आकडा दोनदा असेल तर तीनच बटणं झिजतात आणि क्रम होतात ३६, कारण डबल कुठला ते कळत नाही. अर्थात एटीएमला हा हिशोब लागू नाही, तिथं १०,००० पैकी तीन चान्स, मग कार्ड ब्लॉक. तुमच्या कुलपाला कितीही वेळा दाबा, खरी चूक ती आहे.

टॅलीवाली:
पिसायचं राहू द्या, ठरलेले कीपॅड तरी कुठं एकसारखे आहेत? दिवसभर कॉम्प्युटरच्या नंबरपॅडवर व्हाउचर मारते, तिथं ७-८-९ वर. एटीएमवर फोनसारखं १-२-३ वर. मार्च एंडला रात्री एटीएमवर गेले, हात आपोआप चालला, दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बटणांकडं बघत दाबला तेव्हा कुठं पैसे आले.

रात्रपाळी:
@टॅलीवाली म्हणजे बघून दाबायची सवय हवी, माझं तेच म्हणणं आहे.

पांढरीकाठी:
"बघून" म्हणे. मला दिसत नाही. एटीएमवर ५ च्या बटणावरचा उंच ठिपका सापडला की बाकीचे नऊ आपोआप सापडतात. नवीन एटीएम बोलणारी आणि ब्रेल कीपॅडची हवीत असं रिझर्व्ह बँकेनं २०१४ लाच सांगितलं, हेडफोन लावून आरामात पैसे काढतो. पण दुकानात आता काचेचं सपाट मशीन पुढं करतात, ना बटण ना ठिपका. कितीदा "काका पिन सांगा, मी टाकतो" ऐकलंय, आणि मागं रांग असते तेव्हा सांगितलाय पण. ऑस्ट्रेलियात कॉमनवेल्थ बँकेच्या अल्बर्ट नावाच्या अशाच टचस्क्रीन मशीनवरून दोन अंध ग्राहक कोर्टात गेले होते, २०१९ ला बँकेनं तडजोड केली. तुमच्या पिसलेल्या कीपॅडवर तर फोन प्रत्येक आकडा बोलून दाखवतो, इयरफोन घरी राहिला की संपलं.

रात्रपाळी:
@पांढरीकाठी हे खरंच डोक्यात नव्हतं. ठिपक्याचं बटण पाहिजेच, मान्य. पण फोनच्या काचेवर ठिपका कुठून आणणार? तिथं पिसलेलाच बरा, हवं तर सेटिंगमधून बंद करता येऊ दे.

शून्यएक:
पिसलेल्याची दुसरी बाजू पण बघा की. आकडा शोधायला वेळ लागतो, तेवढा वेळ स्क्रीन उघडी, हाताचा आडोसा करता येत नाही कारण स्वतःलाच दिसायला हवं. वरून कॅमेरा असेल तर आकडे छापलेले आयतेच मिळतात. एटीएमवर मी डावा हात छत्रीसारखा धरतो, उजवा न बघता दाबतो, हे ठरलेल्या कीपॅडवरच जमतं.

घाटावरचा:
@शून्यएक हेच मला नीट मांडता येत नव्हतं. आणि चार आकडे तरी कुठून आले? १९६७ ला लंडनजवळ एनफिल्डला बार्कलेजचं कॅश मशीन लागलं, ते करणारे शेफर्ड-बॅरन स्वतः सांगायचे की आधी सहा आकड्यांचा विचार होता, बायको म्हणाली मला चारच लक्षात राहतात, मग चार ठेवले. तेव्हा बायकोला विचारलं तरी, आमच्या आईला कोणी विचारलं?

रात्रपाळी:
@घाटावरचा ते राहू दे, कॅलेंडरवरचा पिन खोडला का?

घाटावरचा:
खोडला. तिनं आता डिसेंबरच्या पानावर लिहिलाय, म्हणते तिकडं इतक्यात कोण बघतंय.