मदत हवी आहे: बाबांचा कंपवात समोरच्या टॉवरमुळे?

राजेंद्रनगरची_लेक
नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे. बाबा ७१ वर्षांचे. दिवाळीनंतर डॉक्टरांनी पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात सांगितला. हाताची थरथर होतीच, पण खरे दचकलो ते बँकेनं चेक परत केला तेव्हा. सही शेवटाकडे मुंगीएवढी झाली होती.

२०२१ साली समोरच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आला. दादा पुण्याहून आला की तिकडे बोट दाखवतो, "हेच कारण." घर विकू म्हणतो. आई रडते. त्यात रेडिएशननं मेंदूचे आजार होतात असले लेख रोज व्हॉट्सॲपवर. एकात रशिया, एकात स्वित्झर्लंड. कुणी नीट सांगेल का? आणि टॉवरचं रेडिएशन मोजून मिळतं का?

बिल्लेवाला_काका
ताई, मी आपल्या कॅटमधून, म्हणजे इथल्या अणुऊर्जा खात्याच्या लेसर-त्वरक संशोधन केंद्रातून, रिटायर झालो. नोकरीभर छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे अंगाला लागलेलं रेडिएशन मोजणारा बिल्ला होता, म्हणून थोडं बोलतो.

व्हॉट्सॲपवाले दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरतात. एक्स-रे, गॅमा किरण, जमिनीतून येणाऱ्या रेडॉन वायूचे किरण यांच्यात अणूतला इलेक्ट्रॉन उडवण्याची ताकद असते. टॉवरच्या लहरींत ती नसते. त्या फार तीव्र असल्या तर शरीर तापवतात, आणि आपल्याकडची मर्यादा २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे.

रशियाचा अभ्यास खरा आहे, २०२० चा. मायाक हा अणुबाँबसाठी प्लुटोनियम बनवणारा कारखाना. तिथे १९४८ ते १९८२ मध्ये कामाला लागलेल्या २२ हजारांवर लोकांत गॅमाचा साठलेला डोस जितका जास्त, तितका कंपवात जास्त आढळला. पण सुरुवातीच्या वर्षांत त्या लोकांनी जे सोसलं त्याची आमच्या बॅजशीही तुलना नाही. आम्हाला मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (हे रेडिएशनच्या डोसचं माप). नुसतं पृथ्वीवर राहून माणसाला सरासरी २.४ मिळतातच. टॉवरचा या हिशेबात आकडाच नाही, त्याचं मोजमाप वेगळं.

स्वित्झर्लंडचा २००९ चा अभ्यास तर वीजवाहिन्यांचा. २२० ते ३८० किलोव्होल्टच्या तारांपासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्यांत अल्झायमरचे मृत्यू जास्त दिसले. कंपवाताशी नातं त्यातही दिसलं नाही. पुढे २०१३ मध्ये डेन्मार्कच्या अभ्यासात अल्झायमरलाही फारसा दुजोरा मिळाला नाही.

मोजायचं असेल तर दूरसंचार खात्याचं 'तरंग संचार' पोर्टल आहे. ४००० रुपये भरून अर्ज केला की मोजून देतात.

वडोदऱ्याची_सून
माझ्या सासऱ्यांना नऊ वर्षं कंपवात आहे, त्या अनुभवावरून दोन प्रश्न. बाबांना वास येणं कधी बंद झालं? बद्धकोष्ठ, झोपेत हातपाय झाडणं? थरथर दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी हे सुरू होऊ शकतं. दुसरं, बाबांनी कधी शेतात फवारणी केली आहे का? पॅराक्वाट हे तणनाशक, रोटेनोन हे कीटकनाशक, यांच्याशी कंपवाताचा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसला आहे. एकट्या माणसाचं कारण मात्र कुणी छातीठोक सांगत नाही. वय आहे, थोडी आनुवंशिकताही असते.

राजेंद्रनगरची_लेक
आईला विचारलं आणि दोघी गप्पच झालो. माझ्या लग्नाच्या वर्षी, २०१६ ला, बाबा पोह्यांवर जिरावण मसाला घालत सुटले होते, "वासच येत नाही, शिळं आणलंय" म्हणत. आईनं तीन दुकानं बदलली! झोपेत लाथाही तेव्हापासूनच. आई तेव्हा त्यांना वेगळ्या खाटेवर झोपवायची. म्हणजे टॉवरच्या पाच वर्षं आधी.

आणि फवारणी, हो. देवासजवळच्या पाच एकर सोयाबीनवर स्वतः पंप पाठीवर घेऊन, तोंडाला पंचा बांधून. औषध कोणतं ते आता कुणालाच आठवत नाही.

दादाला रात्री फोन करते. चार हजार तरीही भरणार, आईला झोप लागावी म्हणून. एक राहिलंच, बँकेत सहीऐवजी अंगठा चालतो का?

बिल्लेवाला_काका
चालतो. रिझर्व्ह बँकेची सूचनाच आहे, आजारी किंवा वृद्ध खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस. शाखेत गर्दी नसेल त्या दिवशी जा, आणि बाबांची गोळी लागू झालेली असेल अशी वेळ धरा.