रोज व्हॅक्यूम करूनही गालिच्याखाली पांढरी भुकटी. काय करावं?

वाघोलीकर:
हॉलमध्ये लग्नात मिळालेला लोकरी गालिचा आहे, बराच जुना. समोरच्या रस्त्यावर दिवसभर डंपर, त्यामुळे धूळ असणारच. पण कोपरा उचलला की फरशीवर मैद्यासारखी भुकटी दिसते, ती वेगळीच वाटते. मुलगा त्यावरच खेळतो आणि सकाळी उठल्या उठल्या शिंकतो. खायचा सोडा टाकून व्हॅक्यूम करा असं सगळे सांगतात. उपयोग होतो का?

गालिचे-धुलाई, भवानी पेठ:
ताई, आधी गालिचा उलटा करा. पाठीमागे समोरचीच नक्षी आणि एकेक गाठ दिसली तर तो हाताने विणलेला. पाठीला कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड. त्यात लोकर कापडातून टोचून आत घालतात आणि मागून लॅटेक्सने, म्हणजे रबरी गोंदाने, चिकटवतात. त्या लॅटेक्समध्ये खडूची पूड असते. रबर जुनं झालं की सुकून झडतं. तुमची भुकटी तीच असेल तर ती गालिच्यातूनच येतेय, रस्त्यावरून नाही. कितीही व्हॅक्यूम करा, संपणार नाही.

सोडा टाकू नका. तो वास कमी करतो, धूळ नाही. उलट बारीक पूड लोकरीच्या मुळाशी बसते.

वाघोलीकर:
दादा, मागे कापडच आहे. एका जागी फुगलंय आणि हात लावला की भुरभुरतं.

गालिचे-धुलाई, भवानी पेठ:
मग तो काढा. तो धुवायला घेऊन मी तुमचे पैसे घेणार नाही, कारण पाण्यात पाठ आणखी सुटेल. काठीने बडवूही नका, घरभर पूड होईल. गुंडाळून उचला आणि फरशी ओल्या फडक्याने पुसा, केरसुणीने झाडू नका.

पुढे विणलेला घेतलात तर तो टिकतो. त्यात धूळ मुळाशी, खड्यांच्या रूपात बसते आणि पाय पडला की तेच खडे लोकर कापतात. म्हणून अधूनमधून पालथा घालून पाठीवरून व्हॅक्यूम फिरवायचा, मग खाली पडलेली माती उचलायची, मग समोरून सावकाश. फिरता ब्रश बंद ठेवा आणि दशांवरून मशीन अजिबात नेऊ नका. दाराबाहेर खरखरीत पायपुसणं आणि आत सुती, एवढ्याने रस्त्याची बरीच माती दारातच अडते.

रत्नागिरीची आई:
वाघोलीकर ताई, शिंका कशाने येतात हे डॉक्टरांना नक्की विचारा. माझ्या मुलीला धूळकिड्यांची ॲलर्जी निघाली. हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत. ते आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि पाणी दमट हवेतून घेतात. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की त्यांना तग धरणं अवघड होतं. आमच्या कोकणात पावसाळ्यात ते कुठलं शक्य! म्हणून आमच्याकडे आता फक्त सुती सतरंजी, जी मशीनमध्ये ६० अंशांवर धुता येते. आधी कोपरा भिजवून रंग जातो का ते बघा. चादरी आणि उशांचे अभ्रेही त्याच तापमानाला धुवा, मूल सगळ्यात जास्त वेळ तिथेच असतं. व्हॅक्यूमला हेपा फिल्टर नसेल तर बारीक धूळ मागून परत खोलीत येते, तेवढा वेळ मुलाला दुसऱ्या खोलीत ठेवा.

वाघोलीकर:
दोघांचेही मनापासून आभार. गालिचा आजच काढते. सासूबाईंकडे एक विणलेला छोटा गालिचा आहे, तो पावसाळाभर गुंडाळून ठेवला तर चालेल?

गालिचे-धुलाई, भवानी पेठ:
चालेल. आधी कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. प्लास्टिकमध्ये नको, आत ओल धरते आणि बुरशी येते. जुन्या सुती चादरीत गुंडाळा, जमिनीपासून उंच ठेवा आणि मध्येच ऊन पडलं की उघडून बघा. लोकरीला कसर लागली तर ती घडीतच लागते.