मदत हवी आहे: नोकरीआधी पॉलिग्राफ चाचणीची अट, सही करावी का?

नमस्कार मंडळी,

माझ्या भाच्याला पुण्यात एका खासगी कंपनीत रोख रकमेच्या वाहतुकीचं काम मिळतंय. मुलाखत झाली, पण आता पॉलिग्राफ चाचणीच्या (खोटं पकडायला म्हणून यंत्र लावून घेतात ती) संमतीपत्रावर सही मागताहेत. पोरगा सरळ आहे, पण परीक्षेच्या नुसत्या नावानेही त्याला घाम फुटतो. मला तीच काळजी आहे, कारण हे यंत्र खोटं पकडत नाही. श्वास, रक्तदाब आणि घाम मोजतं. भीतीनेही तेच आकडे वाढतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2003 च्या अहवालात एक हिशेब मांडला होता. 10,000 कर्मचाऱ्यांत 10 हेर आहेत असं धरा. त्यातले 8 सापडावेत इतकी कडक चाचणी लावली, तर सुमारे 1,600 निर्दोष माणसंही नापास होतात! उलट आल्ड्रिच एम्स हा सीआयएमधला रशियाचा हेर 1986 आणि 1991 अशा दोन्ही चाचण्यांतून सुटला. तिथे 1988 च्या कायद्याने बहुतेक खासगी मालकांना अशी चाचणी घ्यायला बंदी आहे. सुरक्षा कंपन्यांना मात्र काही सवलत आहे.

आपल्याकडे सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सक्तीची चाचणी घटनाविरोधी ठरवली, पण तो निकाल गुन्ह्याच्या तपासाबद्दलचा. नोकरीच्या उमेदवाराला त्याचा आधार घेता येतो का? कामगार कायद्यातल्या जाणकारांनी कृपया सांगा. आणि कुणी अशी चाचणी दिली असेल, तर प्रश्न आधी दाखवतात का, अहवालाची प्रत मिळते का, तेही कळवा. सही शुक्रवारपर्यंत द्यायची आहे.