माझदा एमएक्स-५ (पहिली पिढी): उघड्या गाडीच्या चौकटीला ताठपणा देण्याचा योग्य क्रम कोणता?

प्रश्न – सह्यवाट

नमस्कार. माझ्याकडे माझदा एमएक्स-५ ची पहिल्या पिढीतील, १.६ लिटर इंजिनाची गाडी आहे. जपानमध्ये ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली आणि तिथून आयात होऊन इंग्लंडला आली, जिथे मी राहतो. गाडीचे वजन साडेनऊशे किलोच्या आसपास आहे आणि तो हलकेपणा हेच मला तिचे सर्वांत मोठे सुख वाटते, त्यामुळे त्याला फारसा धक्का न लावता काम करावे अशी इच्छा आहे.

रस्ता गुळगुळीत असला की तक्रारीला जागा नसते. खडबडीत रस्त्यावर छप्पर उघडे असताना मात्र स्टिअरिंग, डॅशबोर्ड आणि आतला आरसा थरथरतात, काचेची चौकट दारांपेक्षा वेगळी हलते आहे असे जाणवते आणि दाराच्या कुलपाजवळ करकर ऐकू येते. कडक छप्पर बसवले की हे सगळे पुष्कळ कमी होते. बाजारात बोनेटखाली दोन्ही सस्पेन्शन टॉवर (स्प्रिंगचे वरचे टोक जिथे टेकते ते उंचवटे) जोडणारा दांडा, जमिनीखालची फुलीच्या आकाराची ब्रेस (ताठपणा देणारी आधार-पट्टी), तळाच्या रेल्सवर चढवायचे मजबूत चॅनेल, दाराच्या चौकटीत बसणारे दांडे आणि रोल बार (सीटमागची संरक्षक कमान) असे अनेक भाग मिळतात. गाडी केवळ रस्त्यावर चालवायची आहे, शर्यतीसाठी नाही. यांपैकी खरोखर उपयोगी काय, आणि सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद – धातुरेषा

तुम्ही सांगितलेली लक्षणे उघड्या गाडीच्या बांधणीतूनच येतात. बंद गाडीत छप्पर, खांब, जमीन आणि पुढच्या-मागच्या भिंती मिळून एक बंद पेटी तयार होते आणि पीळ त्या पेटीच्या सर्व बाजूंवर वाटला जातो. छप्पर काढले की वरची बाजूच नाहीशी होते आणि उरलेला भार दाराखालचे सिल (पोकळ पेटीसारखे उंबरठे), दोन सीटमधून लांबीने जाणारा मधला बोगदा आणि जमिनीचा पत्रा यांना पेलावा लागतो. पुठ्ठ्याची नळी घेऊन पिळून पाहा आणि मग तिला लांबीभर एक चीर देऊन पुन्हा पिळा; पुठ्ठा तेवढाच असूनही ताठपणा जवळजवळ सगळा गेलेला आढळतो. कारण बंद नळीची पिळाविरुद्धची ताकद तिने वेढलेल्या क्षेत्रफळाच्या वर्गावर अवलंबून असते, तर चिरलेल्या नळीची ताकद केवळ पत्र्याच्या जाडीच्या घनावर. म्हणून जाड पत्रा लावण्यापेक्षा उघडा आकार बंद करणे नेहमीच अधिक फळते.

याच नियमाने तुमची यादी तपासू. बोनेटखालच्या दांड्याला मी शेवटचे स्थान देईन. ज्या गाड्यांत मॅकफर्सन स्ट्रट (चाकाला वरून धरणारा, स्प्रिंग आणि शॉक ॲब्झॉर्बर यांचा एकत्र खांब) असतो, तिथे वळणावरचा आडवा जोर टॉवरच्या माथ्यावर येतो आणि असा दांडा खरे काम करतो. एमएक्स-५ ला चारही चाकांना दुहेरी विशबोन, म्हणजे चाक धरणारे वर-खाली दोन त्रिकोणी हात, आहेत. आडवा जोर मुख्यतः सबफ्रेममध्ये (सस्पेन्शन ज्यावर बसते त्या खालच्या उपचौकटीत) जातो आणि टॉवरच्या माथ्यावर प्रामुख्याने उभा भार उरतो.

तळाची कथा वेगळी आहे. या गाडीच्या जमिनीखालून लांबीने जाणाऱ्या दोन रेल्स पातळ पत्र्याच्या आहेत आणि कुणीतरी चुकीच्या जागी जॅक लावल्यामुळे त्या चेपलेल्या असणे अगदी सामान्य आहे. चेपलेली रेल सरळ रेलइतका भार घेत नाही. त्यावर मजबूत चॅनेल चढवून ते जमिनीला बोल्टने घट्ट धरले आणि दोन्ही रेल्स मध्ये फुलीच्या ब्रेसने जोडल्या, की खालून उघडा असलेला बोगदा बंद आकाराच्या पुष्कळ जवळ जातो. काही किलो वजनाच्या बदल्यात इतका फरक दुसऱ्या कुठल्याही भागातून मिळेल असे मला वाटत नाही. जमिनीपासूनची उंची थोडी कमी होते आणि सायलेन्सरच्या नळीला जागा सोडावी लागते, एवढे मात्र लक्षात ठेवा.

कंपनीलाही ही उणीव दिसली होती. १९८९ मध्ये आलेल्या मूळ गाडीत नसलेले दांडे १.८ लिटर इंजिनाच्या गाड्यांत आले: सीटमागे सीटबेल्टच्या दोन्ही मनोऱ्यांना जोडणारा आडवा दांडा आणि पुढच्या-मागच्या सबफ्रेमच्या ब्रेस. जुन्या गाड्यांचे हे मूळ भाग मिळाले तर बाजारातल्या चकचकीत भागांपेक्षा मी त्यांनाच प्राधान्य देईन. चांगल्या बांधणीचा रोल बार सीटमागची आडवी जोडणी करतोच, शिवाय गाडी उलटली तर डोके वाचवतो, तेव्हा त्याचा विचार ताठपणाच्या हिशोबापलीकडे जाऊन करावा.

आणखी एक. स्प्रिंग आणि चौकट या एकामागे एक जोडलेल्या दोन स्प्रिंगा आहेत. चौकट मऊ ठेवून नुसते शॉक ॲब्झॉर्बर आणि अँटी-रोल बार (वळणावर गाडीचे कलणे रोखणारा दांडा) कडक केले, तर वळण सुधारण्याऐवजी अधिक धक्का चौकटीत जातो आणि थरथर वाढते. जुने बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबर) आणि कडक बाजूंचे टायरही हेच करतात, त्यामुळे पैसे खर्च करण्यापूर्वी ते पाहून घ्या.

प्रतिसाद – जुनीगाडी

वरील विवेचन उत्तम आहे. परंतु इंग्लंडमधील तीस वर्षांहून जुन्या एमएक्स-५ बद्दल बोलताना सिलच्या गंजापासून सुरुवात केली नाही, तर बाकी सर्व व्यर्थ आहे, असे मी ठामपणे म्हणेन. कापडी छपरावरून उतरणारे पाणी सीटमागच्या दोन नळ्यांतून खाली जाऊन मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडते. त्या नळ्या पाने आणि मातीने तुंबल्या की पाणी आत साचते आणि सिलचा मागचा भाग आतून कुजतो. बाहेरचा रंग शाबूत दिसतो, तोपर्यंत आतली पट्टी गेलेली असते. उघड्या गाडीत जो सिल सर्वाधिक पीळ घेतो, नेमका तोच आधी जातो. कुजलेल्या सिलच्या शेजारी कितीही ब्रेस लावा, भार जायचा मार्गच तुटलेला असतो.

म्हणून प्रथम नळ्या मोकळ्या करा, मागच्या चाकाच्या कमानीपुढचा भाग टोकदार साधनाने दाबून तपासा आणि शक्य असल्यास सिलच्या आत कॅमेरा घालून पाहा. वार्षिक एमओटी तपासणीतही सस्पेन्शन आणि सीटबेल्ट यांच्या जोडणीपासून ३० सेंटिमीटरच्या आतला गंज गंभीर धरला जातो.

पत्रा बदलावा लागला तर एका गोष्टीबाबत तडजोड करू नका. सिल कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत तात्पुरते दांडे घट्ट बसवावेत आणि गाडी समपातळीवर, भार नेहमीसारखा वाटला जाईल अशी टेकवावी. तसे न करता सिल कापला तर गाडी मधून खचते, दारांच्या फटी मिटतात, आणि त्या स्थितीत नवा पत्रा वेल्ड झाला की तो बाक कायमचा होतो. हे काम करणाऱ्याला आधीच विचारा, की फटी तो कशा सांभाळणार आहे. समाधानकारक उत्तर नसेल तर गाडी परत आणा.

पोकळ सिलमध्ये पॉलियुरेथेन फोम भरण्याचा सल्लाही अनेक जण देतात. रस्त्यावरच्या जुन्या गाडीत तो पाळू नये. पाणी अडकते, गंज लपतो आणि पुढे कधी वेल्डिंगची वेळ आली तर फोम पेटतो. त्यापेक्षा आत मेणाचा लेप फवारून घ्यावा.

सह्यवाट

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सिलची तपासणी आधी करून घेतो. ब्रेस लावल्यावर खरोखर फरक पडला की केवळ तसा भास झाला, हे घरच्या घरी मोजता येईल का?

प्रतिसाद – धातुरेषा

येईल, आणि मोजावेच, कारण कान व हात सहज फसतात. गाडीचे मागचे दोन आधारबिंदू पक्क्या स्टँडवर ठेवा, पुढची बाजू मध्यभागी एकाच टेकूवर तोला आणि पुढच्या भागाला आडवा बांधलेल्या भक्कम दांड्याच्या टोकाला ठरावीक वजन लटकवा. मध्यापासून १ मीटरवर ५० किलो टांगले तर पीळ सुमारे ४९० न्यूटन-मीटर होतो. पुढे दोन्ही सिलखाली, एकमेकांपासून १ मीटर अंतरावर, डायल गेज (सूक्ष्म हालचाल दाखवणारे मोजयंत्र) लावा. दोन्ही वाचनांतील फरक १.७५ मिलिमीटर आला तर पीळ ०.१ अंश, म्हणजे ताठपणा अंशामागे सुमारे ४,९०० न्यूटन-मीटर. मागच्या स्टँडवरही गेज ठेवून तिथली हालचाल वजा करायला विसरू नका, नाहीतर स्टँडचे खचणे गाडीच्या नावावर जमा होईल. गाडीखाली जाण्यापूर्वी जादा स्टँड लावलेच पाहिजेत.

एवढी मांडणी शक्य नसेल, तर पुढच्या एका जॅकबिंदूवर गाडी प्रत्येक वेळी सारखीच उचला आणि दाराच्या चौकटीचा वरच्या बिजागरीपासून कुलपाच्या खुंटीपर्यंतचा कर्ण मोजा. यातून ताठपणाचा आकडा मिळत नाही, पण ब्रेसच्या आधीची आणि नंतरची तुलना भरवशाची होते. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे लावून मोजा. एकदम सगळे बसवले तर कोणत्या भागाने किती काम केले ते कधीच कळणार नाही.