'मेडे' आणि 'मे डे': फ्रेंच जाणणाऱ्यांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. संकटातलं विमान किंवा जहाज रेडिओवर 'मेडे, मेडे, मेडे' असं तीनदा पुकारतं. त्या हाकेचा १ मेच्या 'मे डे' या युरोपातल्या वसंतोत्सवाशी काही संबंध नाही, हे मला मुलांना नीट समजावून सांगायचंय. सणातला 'मे' म्हणजे महिना. त्याचं नाव रोमन देवता माइया हिच्यावरून आलं असं मानतात.

हाकेची गोष्ट जास्त सुरस आहे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरचे रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी हा शब्द सुचवला. तिथली बरीच विमानं पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळावर जायची, त्यामुळे दोन्हीकडच्यांना पटकन कळेल असा शब्द हवा होता. फ्रेंच 'मेदे' इंग्रजी जिभेवर 'मेडे' झाला. १९२७ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत त्याला आंतरराष्ट्रीय मान्यताही मिळाली.

अडलंय ते इथे. 'मेदे' म्हणजे नुसतं 'मला मदत करायला', 'व्हने मेदे' (मला मदत करायला या) या वाक्याचं शेपूट. बुडणारा फ्रेंच माणूस तर 'आ लेद!' किंवा 'एदे-म्वा!' असंच ओरडेल ना? मग सुटं 'मेदे' फ्रेंच कानाला कसं लागतं? अर्धवट, की चालून जातं?

आणि मराठीत हाक 'मेडे' जोडून, सण 'मे डे' तोडून लिहिला तर वाचणाऱ्याला फरक कळेल का?