मदत हवी आहे: न्यूयॉर्कमध्ये लेकीसाठी सहावीची शाळा. झोनची सरकारी, चार्टर की खासगी?

सांगलीची_लेक

नमस्कार मंडळी,

आम्ही क्वीन्समध्ये फॉरेस्ट हिल्सला राहतो. लेक पाचवीत, धाकटा दुसरीत. इथे सहावी ते आठवीची शाळा बहुतेक ठिकाणी वेगळी असते, त्यामुळे पाचवी सुरू होते न होते तोच पुढच्या शाळेचं बघावं लागतं. सरकारी शाळांचा अर्ज डिसेंबरात बंद होतो. हातात तीन आठवडे उरलेत आणि घरात रोज रात्री जेवणं झाली की हाच विषय.

आमची खरी अडचण अशी की लेकीला डिस्लेक्सिया आहे. तिसरीत असताना कळलं, तेव्हापासून आयईपी आहे. (ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: मुलाला शाळेत कोणती मदत, आठवड्यातून किती वेळा मिळणार याचा हा लेखी आराखडा. तो पाळणं शाळेवर बंधनकारक असतं.) आठवड्याला पाच तासिका तिला विशेष शिक्षिका मदत करतात. गणितात पोरगी छान आहे, चित्रं सुरेख काढते. वाचायला बसली की मात्र ओळीखाली कागद धरते. आजीने सांगलीहून पाठवलेल्या दिवाळीच्या शुभेच्छापत्राचा तो अर्धा तुकडा आहे, वापरून वापरून त्याच्या कडा मऊ पडल्यात. परवा विज्ञानाचं एक पान वाचायला तिला पंचवीस मिनिटं लागली. पान संपल्यावर तिनं विचारलं, "आई, नवीन शाळेत हा कागद वापरू देतील ना?" मला उत्तर देता आलं नाही, आणि तेव्हापासून नीट झोप नाही.

झोनची, म्हणजे आमच्या पत्त्याला ठरवून दिलेली सरकारी शाळा घरापासून चालत बारा मिनिटांवर आहे. झोनमधल्या मुलांना तिथे पहिला हक्क असतो, म्हणजे जागेची काळजी जवळपास नाही. पण शाळा मोठी, हजाराच्या वर मुलं. माझी मुलगी वर्गात हात वर न करणारी आहे, ती तिथे हरवून जाईल असं वाटत राहतं.

चार्टर शाळेची (सरकारी पैशावर, पण स्वतंत्र संस्थेने चालवलेली) माहिती शेजारणीने दिली. फी नाही, दिवस मोठा, निकाल चांगले, आणि एकीला जागा मिळाली तर पुढे धाकट्याला भावंड म्हणून प्रवेशाच्या लॉटरीत अग्रक्रम. शाळा बघायला गेलो तेव्हा मुलं मधल्या रेषेवरून एकामागे एक, अगदी गप्प चालत होती. नवऱ्याला ती शिस्त आवडली. मला पोटात गलबललं.

खासगी शाळा छोटी आहे, वर्गात चौदा मुलं. तिथे लेक पहिल्यांदा हसत हसत बाहेर आली. फी वर्षाला ३१ हजार डॉलर. मॅनहॅटनच्या नावाजलेल्या शाळा ६० हजारांच्या वर गेल्यात, त्या मानाने कमी, पण आमच्यासाठी डोंगरच. तीन वर्षांसाठी पुण्यातला फ्लॅट विकावा इथपर्यंत नवऱ्याचं आलंय. त्याला वाटतं पुढे चांगलं हायस्कूल मिळायला हाच पाया. शिवाय त्यांचं डिपॉझिट सरकारी शाळांचा निकाल लागायच्या आधी भरायचं आणि ते परत मिळत नाही.

अर्जाच्या पोर्टलवर लेकीला लॉटरीसाठी जो रँडम क्रमांक आलाय त्याची सुरुवात बी४ ने होते. तो चांगला की वाईट, हेही कुणी सांगा.

ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी कृपया लिहा. मोकळेपणाने लिहा, वाईट वाटून घेणार नाही.

हडसनकाठ

ताई, क्रमांकाचं मी सांगतो. तो सोळा चिन्हांत लिहिलेला असतो: ० ते ९ आणि मग ए ते एफ. पहिली दोन चिन्हं धरली तर २५६ शक्यता होतात, आणि बी४ च्या आधी त्यातल्या १८० येतात. म्हणजे साधारण ७० टक्के मुलांचा क्रमांक तुमच्या आधी आहे. लॉटरीवर भरणाऱ्या, खूप मागणीच्या शाळेसाठी हा क्रमांक कमजोर म्हणायचा. पण झोनचा हक्क क्रमांकाच्या आधी बघतात, त्यामुळे झोनच्या शाळेबाबत घाबरू नका.

दुसरं, अर्जात शाळांची पसंतीक्रमाने यादी लावताना डावपेच करू नका. "वरची शाळा मिळणार नाही, मग पहिला नंबर कशाला वाया घालवू" असं पुष्कळ जण म्हणतात आणि तिथेच चुकतात. ही जुळवणी ज्या पद्धतीवर बेतली आहे ती हायस्कूलसाठी २००३ च्या सुमारास ॲल्विन रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवून दिली. रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयातल्या कामासाठी. तिचा गाभा असा की पहिली पसंती हुकली तरी दुसऱ्या शाळेत तुमचा नंबर मागे जात नाही. मनात जो क्रम असेल तोच लिहा.

एडिसनचे_काका

एवढा त्रास कशाला? न्यू जर्सीला या. चांगला स्कूल डिस्ट्रिक्ट बघून घर घ्या, मिडल स्कूलचा प्रश्नच मिटतो. आमच्या ओळखीतल्या निम्म्या मराठी लोकांनी हेच केलं.

सांगलीची_लेक

काका, सल्ल्यामागची काळजी कळते. पण माझी नोकरी इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, पहाटेची पाळी असते, आणि घर रेंट स्टॅबिलाइज्ड (भाडेवाढीवर सरकारी मर्यादा असलेलं) आहे. ते सोडलं की परत मिळणार नाही. शिवाय नव्या राज्यात गेलं की आयईपीची बैठक, कागद सगळं परत. आत्ता नको.

निळी_छत्री

माझा मुलगा चार्टरमध्ये शिकला, आता दहावीत आहे. आमचा अनुभव चांगला. गणित पक्कं झालं, गृहपाठ रोज तपासला जायचा, शिक्षक संध्याकाळी फोन उचलायचे. रेषेवरून चालणं पहिले दोन महिने जड गेलं, मग त्याला त्याचं काही वाटेना. पण त्याच्या वर्गातल्या एका चुळबुळ्या मुलाचं रोजचं नाव फळ्यावर, आणि त्याची आई दर आठवड्याला शाळेत. त्यांनी मध्येच शाळा सोडली. मूल कसं आहे त्यावर फार अवलंबून आहे.

ही शाळा पाचवीपासून सुरू होते का ते बघा. इथल्या बऱ्याच चार्टर मिडल स्कूल पाचवीतच मुलं घेतात. तशी असेल तर सहावीत लॉटरी असते ती फक्त कुणी सोडून गेलेल्या जागांची, आणि त्या दोनचारच असू शकतात. अर्ज १ एप्रिलपर्यंत असतो, फुकट असतो, तेव्हा भरायला हरकत काहीच नाही. फक्त त्यावर विसंबून डिसेंबरचा अर्ज टाळू नका.

बाराखडी

मी अकरा वर्षं सरकारी मिडल स्कूलमध्ये विशेष शिक्षिका आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचा धागा वाचून तुमच्या लेकीचा तो कागद डोळ्यासमोर आला.

ताई, तुम्ही तिन्ही शाळा इमारत, शिस्त, वर्गातली मुलं यावर तोलताय. तुमच्या मुलीसाठी पहिला प्रश्न वेगळा आहे: तिला वाचायला कोण शिकवणार, कोणत्या तासिकेला, आणि ते लेखी कोण देणार? सहावीत दर तासिकेला शिक्षक बदलतात, पाठ्यपुस्तक जाड होतं, आणि "वाचायला शिकवणं" हे वेळापत्रकातून जवळजवळ नाहीसं होतं. सगळे धरून चालतात की मुलाला आता वाचता येतं. माझ्याकडे दरवर्षी सप्टेंबरात अशी मुलं येतात की जी पाचवीपर्यंत तग धरून होती आणि ऑक्टोबरात गळून जातात.

सरकारी शाळेला आयईपी पूर्ण पाळावी लागते, तुम्हाला दाद मागता येते. चार्टर ही कायद्याने सार्वजनिक शाळाच आहे, तिथेही आयईपी लागू. पण आराखड्यात बदल करायचा तर बैठक शालेय जिल्ह्याच्या (स्कूल डिस्ट्रिक्टच्या) समितीकडून होते, आणि आयसीटी वर्ग (एक नेहमीचे आणि एक विशेष असे दोन शिक्षक एकत्र शिकवतात तो) प्रत्येक चार्टरमध्ये प्रत्येक इयत्तेला असेलच असं नाही. ते विचारून घ्या. खासगीत मात्र आयईपी दारातच थांबते. शाळा प्रेमळ असेल, पण तिच्यावर बंधन नाही. न्यूयॉर्कमध्ये खासगीतल्या मुलांसाठी सेवांचा वेगळा आराखडा मिळतो, त्यासाठी आदल्या १ जूनच्या आत जिल्ह्याकडे लेखी मागणी करावी लागते. ती तारीख चुकली तर वर्ष हातचं जाऊ शकतं. आणि मागणी मंजूर झाली तरी शिक्षक मिळवण्यासाठी पालकांची वणवण मी पाहिली आहे.

तुमच्या यजमानांच्या हायस्कूलच्या काळजीबद्दल: स्टायव्हसंट, ब्राँक्स सायन्स, ब्रुकलिन टेक या नावाजलेल्या सरकारी हायस्कूलांची प्रवेश परीक्षा १९७१ च्या राज्य कायद्याने ठरलेली आहे आणि शहरात राहणारं कोणतंही आठवीचं मूल ती देऊ शकतं. मिडल स्कूल कोणतं याला तिथे वजन नाही. आयईपीत जादा वेळ लिहिलेला असेल तर तो या परीक्षेतही मिळतो. बाकी गुणांवर निवड करणारी हायस्कूलं सातवीचे गुण बघतात. म्हणजे सातवीत मूल उभं राहिलेलं असणं महत्त्वाचं.

शाळेत जाऊन हे विचारा: सहावीत डिस्लेक्सियाची किती मुलं आहेत? ऑर्टन-गिलिंगहॅम किंवा विल्सन (डिस्लेक्सियाच्या मुलांना वाचन शिकवायच्या पद्धती) यांचं प्रशिक्षण झालेलं कुणी आहे का, त्यांचं नाव काय? गट किती मुलांचा? ती तासिका चित्रकलेची किंवा पीटीची तर काढून घेत नाहीत ना? शेवटचा प्रश्न आवर्जून विचारा. जिथे मूल फुलतं ती तासिका काढून घेऊन वाचन दिलं की ते वाचनाचा राग करू लागतं.

सह्यकडा

बाराखडीताईंना पूर्ण अनुमोदन. आम्ही खासगीच्या वाटेने गेलो म्हणून दोन गोष्टी.

करारावर सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा. आम्ही वाचली नव्हती. नोव्हेंबरात कळलं की मुलाला तिथे जमत नाही, तरी वर्षभराची फी भरावी लागली. "लर्निंग स्पेशालिस्ट आहे" असं सांगितलं होतं, त्या बाई आठवड्यातून एक दिवस यायच्या आणि त्यांचे तास फीच्या वर होते.

फक्त डिस्लेक्सियाच्या मुलांसाठी असलेल्या खासगी शाळाही शहरात आहेत, फार महाग. सरकारी व्यवस्था योग्य शिक्षण देऊ शकली नाही हे सिद्ध झालं तर ती फी परत मागता येते, सर्वोच्च न्यायालयाच्या १९८५ आणि १९९३ च्या निकालांमुळे. पण त्यासाठी मूल काढण्याच्या किमान दहा कामकाजाच्या दिवसांआधी लेखी नोटीस, वकील, सुनावणी, आणि तोवर पैसे आपल्या खिशातून. तुम्ही सांगितलेली शाळा त्या प्रकारातली दिसत नाही. नुसत्या लहान वर्गासाठी फ्लॅट विकू नका, ही कळकळीची विनंती.

वर्गाच्या आकाराचंही: २०२२ च्या राज्य कायद्याने न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत चौथी ते आठवीची मर्यादा टप्प्याटप्प्याने २३ वर आणायची आहे. चार्टरला तो लागू नाही. तुमच्या शाळेत आत्ता किती मुलं आहेत ते विचारा.

सांगलीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. मधले दहा दिवस तिन्हीकडे तेच प्रश्न घेऊन फिरले. जे कळलं ते लिहिते, पुढे कुणाला उपयोग होईल.

खासगी शाळेने फार गोड बोलून सांगितलं की वाचनाची मदत "गरजेनुसार" बघू. कोण देणार, किती वेळा, याचं उत्तर दोन ईमेलनंतरही आलं नाही. सह्यकडा, तुमचं वाचलं नसतं तर मी चौदाच्या वर्गावरच भाळले असते.

चार्टरने माझ्या अपेक्षेपेक्षा सरळ उत्तर दिलं. सहावीत आयसीटी वर्ग आहे, विशेष शिक्षिका दोन, वाचनाचा गट पाच मुलांचा. पण निळी छत्री, तुम्ही म्हणालात तसंच, सहावीच्या जागा रिकाम्या झाल्या तरच. मागच्या वर्षी तीन झाल्या होत्या.

झोनच्या शाळेत लेकीलाही घेऊन गेले. आयसीटीच्या वर्गात आत्ता २८ मुलं आहेत, हे त्यांनी लपवलं नाही. वाचनाचा गट आठवड्यातून चार दिवस, पहिल्या तासिकेला, विल्सन शिकलेल्या एका शिक्षिकेकडे, सहा मुलं. चित्रकलेला हात लावत नाहीत. मी पुढचा प्रश्न शोधत होते तेवढ्यात लेकीने खिशातून आजीचा कागद काढला आणि थेट त्या बाईंना विचारलं, हा चालेल का? बाईंनी तो हातात घेतला, उलटा केला, मागचं आजीचं अक्षर बघितलं आणि म्हणाल्या, "चालेल, आणि परीक्षेतही चालावा म्हणून आपण तो तुझ्या आयईपीत लिहून घेऊ." घरी येताना लेक पूर्ण रस्ताभर बोलत होती.

यादीत झोनची शाळा पहिली टाकली आणि काल अर्ज पाठवला. चार्टरचाही अर्ज करणार, जागा मिळालीच तर तेव्हा तिलाच विचारू. नवऱ्याला अजून थोडी धाकधूक आहे, पण फ्लॅटचा विषय त्याने स्वतःच मिटवला. तरी १ जूनची तारीख कालनिर्णयवर लाल शाईने लिहून ठेवली आहे.

आता एकच मदत हवी. आयईपीची बैठक जानेवारीत आहे. बाराखडीताई, पालकांचं म्हणणं मांडायचं पत्र बैठकीआधी द्यायचं असतं ना? त्यात कागदाची पट्टी, जादा वेळ आणि चित्रकलेची तासिका न काढणं, हे तिन्ही कसं लिहावं? तुमच्याकडे नमुना असेल तर विपू (विचारपुशीत निरोप) कराल का?

बाराखडी

हो, आठवडाभर आधी द्या. ईमेलनेच द्या, म्हणजे तारखेची नोंद राहते. विपू केली आहे. चित्रकलेचं वाक्य मी त्यात सगळ्यात वर घेतलंय.