१९७३ च्या सुमाराचे आर्केड कॅबिनेट: दुरुस्ती नेमकी कुठवर करावी?

कृष्णधवल यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. माझ्या संग्रहात नुकतेच एक उभे आर्केड कॅबिनेट, म्हणजे नाणे टाकून खेळायचे व्हिडिओ गेमचे यंत्र, दाखल झाले आहे. दोन गोल नॉब, कृष्णधवल टीव्ही आणि टेबल टेनिससारखा खेळ, म्हणजे अटारीच्या १९७२ मधील 'पाँग'चेच हे कुळ. परंतु नावाची पट्टी नसल्यामुळे ते मूळ 'पाँग' आहे की पुढच्या वर्षी निघालेल्या अनेक नकलांपैकी एक, हे ठरवता येत नाही. बाजूच्या फळ्या तळाशी ओल लागून फुगल्या आहेत. आतला टीव्ही, वीजपुरवठा आणि सर्किट बोर्ड मात्र मूळचेच दिसतात. आधीच्या मालकांच्या सांगण्यानुसार यंत्र शेवटचे चालवले तेव्हा दोन्ही खेळाडूंच्या गुणांमध्ये आकड्याची एक रेघ उमटत नव्हती आणि पडद्यावर चेंडू टोलवणारी उजव्या बाजूची पट्टी सारखी थरथरत होती. मी अजून ते विजेला जोडलेले नाही. जुना टीव्ही काढून एलसीडी बसवावा आणि बोर्डाच्या जागी छोटा संगणक ठेवावा, असा सल्ला मला एकाने दिला आहे. तो मनाला पटत नाही, पण विरोध करण्याइतके तांत्रिक ज्ञानही माझ्याकडे नाही. सुरुवात कुठून करावी आणि कुठे थांबावे?

जुना_सोल्डर यांचा प्रतिसाद:

विजेला जोडले नाही, हे उत्तम केले. आधी ओळख पटवू. चिपांवर चार आकडी तारीख छापलेली असते. पहिले दोन आकडे वर्षाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे, म्हणजे ७३१८ याचा अर्थ १९७३ चा अठरावा आठवडा. यात एक फसवी जागा आहे: ७४०४ हा चिपचा क्रमांकही असू शकतो आणि १९७४ च्या चौथ्या आठवड्याची तारीखही, त्यामुळे एकच चिप पाहून निष्कर्ष काढू नये. बोर्डावरची सर्वांत अलीकडची तारीख घ्यावी, कारण यंत्र तिच्या आधीचे असू शकत नाही. मात्र ती चिप नंतर कोणी बदललेली नाही ना, हे सोल्डरवरून तपासावे. मिडवे कंपनीचा 'विनर' आणि अलाइड लीझर कंपनीचा 'पॅडल बॅटल' हे 'पाँग'सारखे दोन्ही खेळ १९७३ चेच असल्यामुळे बोर्डावरील कंपनीचे नाव आणि तांब्याच्या रेघांची मांडणी यांचे फोटो ज्ञात बोर्डांशी ताडून पाहावेत.

आता सुरक्षिततेविषयी. पिक्चर ट्यूबच्या अ‍ॅनोडवर (रबरी टोपीखालच्या जोडावर) दहा हजार व्होल्टच्या घरातला भार असतो आणि वीज काढून घेतल्यावरही तो टिकू शकतो. ट्यूबच्या बाहेरील काळ्या लेपावरून गेलेल्या उघड्या अर्थ-तारेला एक जाड वायर पक्की जोडावी, तिचे दुसरे टोक चांगले इन्सुलेशन असलेल्या लांब स्क्रू-ड्रायव्हरच्या दांडीला बांधावे आणि मग त्याचे टोक एकाच हाताने रबरी टोपीखाली हळूच सरकवावे; दुसरा हात यंत्रापासून दूर असावा. थोड्या वेळाने हीच कृती पुन्हा करावी, कारण ट्यूबमध्ये थोडा भार परत साठतो. हे काम कधी केलेले नसेल तर पहिल्या वेळी टीव्ही दुरुस्तीतली जाणती व्यक्ती शेजारी असलीच पाहिजे. शिवाय त्या काळच्या बऱ्याच टीव्हींची चासी (धातूचा सांगाडा) थेट मेन्सशी जोडलेली असे, म्हणून यंत्राला मेन्सपासून विलग ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय टीव्ही चालवू नये. यंत्र अमेरिकेत बनलेले असेल तर ते ११०-१२० व्होल्टचे असणार, तेही आधी पाहावे.

त्यानंतर बोर्ड पूर्णपणे सुटा करून फक्त वीजपुरवठा तपासावा. वीजपुरवठा स्थिर ठेवणारे मोठे फिल्टर कपॅसिटर इतक्या वर्षांत आतून सुकलेले असतात. ते बदलून, विजेच्या वाटेत एकसरीत बल्ब (सिरीज बल्ब) लावून पहिल्यांदा वीज द्यावी, म्हणजे कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटेल आणि बाकीचे वाचेल. बोर्डावरील ७४ मालिकेच्या चिपांना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. हा आकडा वीजपुरवठ्यावर लोड (भार) देऊन मोजल्याखेरीज बोर्ड जोडू नये.

तुम्ही सांगितलेले दोष मला आशादायक वाटतात. दोन्ही बाजूंच्या गुणांत एकच रेघ गायब असेल तर बिघाड दोघांच्या सामाईक भागात आहे. 'पाँग'मध्ये दोन्ही खेळाडूंचे आकडे एकाच ७४४८ या डिकोडर चिपमधून (आकड्याच्या कोणत्या रेघा उजळायच्या हे ठरवणाऱ्या) जातात, तेव्हा पहिला संशय तिच्यावर किंवा तिच्या पुढच्या गेटवर (छोट्या तर्क-सर्किटवर) घ्यावा. पडद्यावरील पट्टीची जागा नॉबच्या पोटेन्शिओमीटरवरून (नॉबसोबत बदलणाऱ्या रोधावरून) ५५५ ही टायमर चिप ठरवते. थरथर बहुधा पोटेन्शिओमीटरच्या आतील झिजलेल्या किंवा मळलेल्या थरामुळे असते. काँटॅक्ट क्लीनर मारून नॉब अनेकदा पूर्ण फिरवून पाहावा. चिप बदलावीच लागली तर तिचे पाय कापून एकेक पाय स्वतंत्रपणे काढावा आणि तिथे सॉकेट बसवावे. अख्खी चिप उपटण्याच्या नादात तांब्याच्या रेघा उचकटल्या, तर ते नुकसान चिपपेक्षा मोठे ठरते. आणि एक, पट्टी पडद्याच्या अगदी वरपर्यंत जात नसेल तर ती दुरुस्त करायला जाऊ नका. मूळ 'पाँग'मध्ये ती तशीच होती आणि तो खेळ घडवणारे अभियंते अ‍ॅल अल्कॉर्न यांनी ती जाणूनबुजून तशी ठेवली.

डायोडची_रांग यांचा प्रतिसाद:

एलसीडी आणि छोट्या संगणकाच्या सल्ल्याविषयी मला ठामपणे लिहायचे आहे. मायक्रोप्रोसेसर आर्केडमध्ये आला तो १९७५ च्या 'गन फाइट'मध्ये, इंटेल ८०८० च्या रूपाने. त्याआधीच्या 'पाँग'सारख्या यंत्रांत प्रोग्रॅम नावाची वस्तूच नाही. चेंडूची गती, पट्टीची उंची, टकटक आवाज, सारे काही गेट, काउंटर (मोजणारे सर्किट) आणि फ्लिप-फ्लॉप (एक स्थिती लक्षात ठेवणारे सर्किट) यांच्या जोडणीतून घडते. पुढच्या काळातील यंत्राचा बोर्ड गेला तरी त्याच्या रॉममधील (प्रोग्रॅम साठवणाऱ्या चिपमधील) मजकूर उतरवून खेळ जपता येतो. इथे उतरवून घ्यायला काहीच नाही. सर्किटची नक्कल सॉफ्टवेअरमध्ये करता येते आणि तशी केलीही गेली आहे, पण ज्या बोर्डावरून ती पडताळायची, तोच काढून टाकला तर नकलेला आधार काय उरणार?

१९७१ च्या 'कॉम्प्युटर स्पेस'चा बोर्ड एकदा अवश्य पाहा. अटारीचे संस्थापक नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांच्या या यंत्रात रॉकेटचे चित्र डायोडच्या (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या छोट्या भागांच्या) जाळ्यात साठवलेले आहे आणि डायोड अशा रीतीने बसवले आहेत की बोर्डाकडे नुसते पाहिले तरी रॉकेटचा आकार डोळ्यांना दिसतो. अशी वस्तू काढून तिथे संगणक ठेवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. तुमच्या बोर्डाचेही मोल तेच आहे, मग तो 'पाँग'चा असो वा नकलेचा. मी तर म्हणेन की नकलेचा निघाला तर अधिक जपावा, कारण नकला जपून ठेवण्याची कोणाला फारशी गरजच वाटली नाही.

फळी_आणि_फेविकॉल यांचा प्रतिसाद:

लाकडाविषयी लिहितो. फुगलेली फळी पार्टिकल बोर्डाची असेल तर आधी ती सावलीत, सावकाश आणि पूर्ण सुकू द्यावी. मग सुटलेल्या भुश्यात पातळ इपॉक्सी मुरवून, दोन्ही बाजूंनी मेणकागद आणि सपाट लाकडी पट्ट्या लावून क्लॅम्प आवळावेत. फक्त तळाचा भाग गेला असेल तर तेवढाच कापून नवा तुकडा जोडता येतो. त्यासाठी अख्खी बाजू फेकण्याचे कारण नाही. काहीही खरवडण्याआधी प्रत्येक रंगीत भागाची मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घ्यावीत आणि अक्षरे ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्यावीत. सफाईचे द्रावण आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्याने लावून पाहावे. जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा कोरडे घासणे टाळावे.

नॉबच्या कडेला सिगारेटचे डाग असतील तर मी ते ठेवीन. काही संग्राहक कॅबिनेट कारखान्यातून आल्यासारखे चकचकीत करतात. त्यांच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे, पण मूळ लॅमिनेट एकदा उतरवले की परत मिळत नाही.

कृष्णधवल यांचा प्रतिसाद:

सर्वांचे मनापासून आभार. टीव्ही आणि बोर्ड मूळचेच ठेवायचे, हे निश्चित केले. आजच चिपांवरच्या तारखा पाहिल्या. मूळ सोल्डर असलेल्या सर्व चिपा १९७३ च्या पूर्वार्धातील आहेत. शंका एकच: बदललेले कपॅसिटर टाकून द्यावेत का?

जुना_सोल्डर यांचा प्रतिसाद:

टाकू नका. प्रत्येकाला जागेचा क्रमांक आणि काढल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधून ते एका पाकिटात घालावेत आणि पाकीट कॅबिनेटच्या आतच, वीजपुरवठ्यापासून दूर ठेवावे. गळलेला कपॅसिटर मात्र वेगळ्या बंद पिशवीत असावा. सोबत मोजलेल्या व्होल्टेजची वहीही ठेवा, म्हणजे पुढे हे यंत्र ज्याच्या हाती जाईल त्याला मूळचे काय आणि तुम्ही बसवलेले काय, हे शोधत बसावे लागणार नाही.